ब्रिटनमधील पदवी प्रवेश : निकालाआधीचा अर्ज

भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने महाविद्यालयीन प्रवेश ही निकालानंतर सुरू होणारी प्रक्रिया होय. बारावीची अथवा प्रवेश परीक्षेची गुणपत्रिका हाती आली, की गुणवत्ता यादी लागते, फेऱ्या होतात आणि क्रमांकानुसार जागा मिळते. ब्रिटनमध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. तेथे विद्यार्थी अर्ज करतो तो अंतिम परीक्षेच्या कित्येक महिने आधी. विद्यापीठ निर्णय देते तोही परीक्षेआधीच. आणि निकाल लागतो तेव्हा आधीच झालेला निर्णय पक्का होतो किंवा मोडतो. हा मूलभूत फरक ध्यानात न आल्यामुळे अनेक गुणवान विद्यार्थी बारावीच्या निकालानंतर चौकशीला लागतात. तोवर उत्तम अभ्यासक्रमांची दारे त्या वर्षापुरती बंद झालेली असतात.

ब्रिटनमधील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वेगाने वाढली. तेथील उच्च शिक्षण सांख्यिकी संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ या वर्षी सुमारे १ लाख ७३ हजार भारतीय विद्यार्थी तेथे शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत भारताने चीनला मागे टाकले होते. मात्र यांतील बहुसंख्य विद्यार्थी एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे होते. बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने कमी असून, त्यांच्यासाठीची प्रक्रिया पदव्युत्तर प्रवेशापेक्षा सर्वस्वी वेगळी आहे. पदव्युत्तर अर्ज सामान्यतः थेट विद्यापीठाकडे केला जातो. पदवीचा अर्ज मात्र एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो.

एक अर्ज, पाच पर्याय

ही संस्था म्हणजे ‘यूकॅस’, अर्थात विद्यापीठ व महाविद्यालय प्रवेश सेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाची मागणी वाढली आणि एकेक विद्यार्थी अनेक विद्यापीठांकडे स्वतंत्र अर्ज करू लागल्याने गोंधळ निर्माण झाला. त्यावर उपाय म्हणून १९६१ मध्ये विद्यापीठांची एक केंद्रीय प्रवेश परिषद स्थापन झाली. पॉलिटेक्निक संस्थांसाठी पुढे वेगळी यंत्रणा आली. १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकना विद्यापीठाचा दर्जा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आणि या दोन यंत्रणांच्या विलीनीकरणातून यूकॅसचा जन्म झाला. चेल्टनहॅम येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेमार्फत आज साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे व महाविद्यालयांचे पदवी प्रवेश होतात.

यूकॅस स्वतः कोणालाही प्रवेश देत नाही. आपल्याकडील आयआयटी अथवा वैद्यकीय प्रवेशाच्या समुपदेशनात संगणकीय यंत्रणा गुणानुक्रमाने जागा वाटते. यूकॅसची भूमिका टपालखात्यासारखी आहे. ती अर्ज स्वीकारते, संबंधित विद्यापीठांकडे पोहोचवते आणि त्यांचे निर्णय विद्यार्थ्याला कळवते. निर्णय सर्वस्वी विद्यापीठाचा आणि प्रत्यक्षात बहुधा त्या-त्या विषयाच्या विभागाचा असतो. त्यामुळे ‘किती टक्क्यांना यादी बंद झाली’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो.

एका अर्जात जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात. वैद्यक, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक या विषयांसाठी ही मर्यादा चार पर्यायांची असून पाचवा पर्याय अन्य विषयासाठी वापरता येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. अपवाद अगदी थोडे आहेत. पाचही पर्यायांना पसंतिक्रम द्यावा लागत नाही आणि एका विद्यापीठाला, आपल्याखेरीज विद्यार्थ्याने आणखी कोठे अर्ज केला आहे, हे त्या टप्प्यावर कळत नाही. अर्जाचे शुल्क २०२५ च्या प्रवेशासाठी २८ पौंड ५० पेन्स होते. अर्ज विद्यार्थ्याला स्वतः भरता येतो, त्यासाठी मध्यस्थ सल्लागार अनिवार्य नाही. अनेक सल्लागारांना विद्यापीठांकडून दलाली मिळते, हे लक्षात घेतल्यास त्यांच्या शिफारशीचे मोल अधिक नेमकेपणाने ठरवता येईल.

प्रवेश विषयाला, विद्यापीठाला नव्हे

ब्रिटिश पदवीचे स्वरूप समजल्याशिवाय या अर्जाचे मर्म कळत नाही. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ऑनर्स पदवी सामान्यतः तीन वर्षांची, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते. अमेरिकेत पहिली एक-दोन वर्षे विविध विषय चाखून पाहता येतात; इंग्लंडमध्ये अर्थशास्त्राला प्रवेश घेतलेला विद्यार्थी पहिल्या दिवसापासून अर्थशास्त्रच शिकतो. स्कॉटलंडच्या चार वर्षांत थोडी अधिक लवचीकता असते. याचा परिणाम असा, की निवड करणारे प्राध्यापक विद्यार्थ्याच्या सर्वांगीण व्यक्तिमत्त्वापेक्षा त्या एका विषयातील त्याची तयारी आणि ओढ पाहतात. आंतरशालेय क्रिकेट, नृत्यातील पारितोषिके, वक्तृत्वाची ढाल यांना अमेरिकी अर्जात मोठे स्थान असेल. गणिताच्या ब्रिटिश अर्जात त्यांचे वजन नगण्य असते.

येथेच अकरावीतील विषयनिवडीचा प्रश्न उपस्थित होतो. अभियांत्रिकीसाठी गणित आणि बहुधा भौतिकशास्त्र, वैद्यकासाठी रसायनशास्त्र व बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र अपेक्षित असते. हे भारतीय विद्यार्थ्याला अपरिचित नाही. पण अर्थशास्त्र हा तेथे गणिती विषय समजला जातो आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्थेत गणितावाचून अर्थशास्त्राला प्रवेश नाही, ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला फार उशिरा कळते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेण्याची मुभा आहे. अधिक गुण मिळतील या हिशेबाने ती वापरणारा विद्यार्थी नकळत आपल्यासाठी अनेक अभ्यासक्रम बंद करून घेतो. केंद्रीय मंडळाचे उपयोजित गणित एखाद्या अभ्यासक्रमाला चालते की नाही, हेही आधीच विचारून घेतलेले बरे. उलटपक्षी, केंब्रिजच्या संगणकशास्त्र अभ्यासक्रमाला गणित अत्यावश्यक आहे. संगणक हा विषय शाळेत घेतलेला असण्याची मात्र सक्ती नाही.

भारतीय मंडळांकडे पाहण्याची ब्रिटिश विद्यापीठांची दृष्टीही एकसारखी नाही. बहुतेक ठिकाणी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ आणि भारतीय शालेय प्रमाणपत्र परीक्षा परिषद यांची बारावी चांगल्या गुणांसह स्वीकारली जाते. राज्य मंडळांच्या बाबतीत काही विद्यापीठे अधिक टक्के मागतात, काही ठरावीक मंडळांनाच मान्यता देतात, तर काही एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम सुचवतात. असे एक वर्ष वाढले, तर खर्चही तेवढाच वाढतो. प्रत्येक विद्यापीठ देशनिहाय पात्रता प्रसिद्ध करते. त्यातील भारताविषयीचा मजकूर शब्दशः वाचणे हे पाच पर्याय ठरवण्याआधीचे काम आहे. इंग्रजी भाषेबाबतही हेच. बारावीच्या इंग्रजीतील गुण पुरेसे आहेत की आयईएलटीएससारखी परीक्षा द्यावी लागेल, याचे उत्तर विद्यापीठागणिक आणि मंडळागणिक बदलते.

चार हजार अक्षरांचे निवेदन

अर्जाचे तीन आधारस्तंभ आहेत : गुण, शिक्षकांची शिफारस आणि विद्यार्थ्याचे निवेदन. दहावीचे गुण मिळालेले असतात. बारावीचे मिळालेले नसल्याने शाळेने ‘अपेक्षित गुण’ कळवावयाचे असतात. शिफारसपत्रातच शाळा आपल्या वातावरणाविषयी आणि विद्यार्थ्याच्या विशेष परिस्थितीविषयीही लिहू शकते. महानगरांतील काही शाळांना याचा सराव असतो. तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयात अपेक्षित गुण ही कल्पनाच नवी असते. तेथे शिफारस म्हणजे वर्तणुकीचा दाखला असा समज होण्याची शक्यता मोठी. विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या शिक्षकांना या पत्राचे स्वरूप पुरेसे आधी समजावून सांगावे लागते, आणि हे काम संकोचामुळे टाळले जाते.

निवेदनाचे स्वरूप नुकतेच बदलले आहे. २०२५ च्या प्रवेशापर्यंत विद्यार्थी चार हजार अक्षरांचा एक सलग निबंध लिहीत असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याची जागा तीन प्रश्नांनी घेतली. हा अभ्यासक्रम का शिकावयाचा आहे, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले व ते कसे उपयुक्त आहे, असे हे प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे असावे लागते. एकूण मर्यादा पूर्वीप्रमाणेच चार हजार अक्षरांची असून तीत शब्दांमधील मोकळ्या जागाही धरल्या जातात. ज्या घरात असा निबंध लिहिण्याची परंपरा नाही, त्या घरातील विद्यार्थ्याला काय लिहावे हे कळावे, हा बदलामागील एक हेतू होता. भारतीय विद्यार्थ्याला तो विशेष लाभदायक ठरावा.

एकच निवेदन पाचही विद्यापीठांकडे जाते. त्यामुळे एका विद्यापीठाचे नाव घेऊन स्तुती करणे निरर्थक ठरते आणि पाच पर्याय पाच भिन्न विषयांचे निवडणे आत्मघातकी ठरते. ‘लहानपणापासून मला या विषयाची आवड आहे’ या वाक्याने निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणते पुस्तक वाचले, त्यातील कोणता युक्तिवाद पटला नाही, कोणता प्रयोग फसला आणि का, असा तपशील त्याला हवा असतो. बँकेच्या शाखेत काम करणाऱ्या वडिलांकडून पीककर्जाच्या वसुलीविषयी ऐकून विद्यार्थ्याच्या मनात उभा राहिलेला प्रश्न अर्थशास्त्राच्या अर्जात कोणत्याही छापील प्रमाणपत्रापेक्षा बोलका ठरेल.

उसने निवेदन पकडले जाते, हे निराळे सांगावयास हवे. यूकॅस प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी संगणकाद्वारे ताडून पाहते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा पाहणीत २३४ विद्यार्थ्यांनी, बालपणी रासायनिक प्रयोग करताना आपल्या पायजम्याला भोक पडल्याची एकच आठवण जवळपास त्याच शब्दांत सांगितल्याचे आढळले होते. साम्य आढळल्यास विद्यापीठांना कळवले जाते. सल्लागाराने दिलेला तयार मसुदा अथवा यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर याच कारणाने धोक्याचा आहे.

काही अभ्यासक्रमांसाठी याशिवाय प्रवेश परीक्षा असते. वैद्यकासाठी ‘यूकॅट’ आणि काही नामवंत विद्यापीठांच्या विधी अभ्यासक्रमांसाठी ‘एलनॅट’ या त्यांतील परिचित परीक्षा होत. त्यांची नोंदणी यूकॅसच्या अर्जापासून स्वतंत्र असते आणि तिची मुदत आधी संपू शकते. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे निवडक उमेदवारांची मुलाखतही होते. तिच्यात पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा, अनोळखी प्रश्नावर विद्यार्थी मोठ्याने कसा विचार करतो, हे पाहिले जाते.

मुदती, ऑफर आणि ऑगस्ट महिना

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतांश वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी अर्जाची अखेरची तारीख आदल्या वर्षीची १५ ऑक्टोबर असते. इतर बहुतेक अभ्यासक्रमांसाठी समान विचाराची मुदत जानेवारीत संपते. नेमकी तारीख दरवर्षी जाहीर होते. या मुदतीपर्यंत आलेल्या सर्व अर्जांचा समान पातळीवर विचार करणे विद्यापीठांवर बंधनकारक असते. परदेशी विद्यार्थ्यांना ३० जूनपर्यंत अर्ज करता येतो, असे सांगितले जाते ते खरे आहे. परंतु जागा शिल्लक असेल तरच. त्यानंतरचे अर्ज ‘क्लिअरिंग’ या उरलेल्या जागांच्या फेरीत जातात.

विद्यापीठाचा होकार दोन प्रकारचा असतो. विशिष्ट गुण मिळवण्याच्या अटीवर दिलेला तो सशर्त, आणि पात्रता आधीच पूर्ण असल्यास बिनशर्त. सर्व उत्तरे आल्यावर विद्यार्थी एक पर्याय पक्का म्हणून आणि एक राखीव म्हणून ठेवतो. बाकीचे सोडावे लागतात. राखीव पर्यायाची अट पक्क्या पर्यायापेक्षा सौम्य असावी हे उघड आहे. तरीही दोन्ही ठिकाणी ९० टक्क्यांची अट स्वीकारून ८८ टक्क्यांवर अडकणारे विद्यार्थी दिसतात. अट अनेकदा एकूण टक्केवारीबरोबर एखाद्या विषयातील गुणांचीही असते, हे येथे विसरून चालत नाही.

निकालाआधी प्रवेश देण्याच्या या पद्धतीवर ब्रिटनमध्येच टीका होत आली आहे. शाळांनी दिलेले अपेक्षित गुण बऱ्याचदा प्रत्यक्षाशी जुळत नाहीत. न्याय्य प्रवेशासाठी नेमलेल्या श्वार्ट्झ समितीने २००४ मध्ये निकालोत्तर प्रवेशाची शिफारस केली होती. २०२१ मध्ये सरकारने या विषयावर पुन्हा मते मागवली. पण २०२२ मध्ये तो विचार सोडून देण्यात आला. शाळांच्या परीक्षा आणि विद्यापीठांचे सत्र यांमधील वेळ फार थोडा, ही मुख्य अडचण आहे. भारतीय विद्यार्थ्याची स्थिती या बाबतीत किंचित सोयीची म्हणता येईल. तेथील ए लेव्हल परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या मध्यास लागतो, तर आपल्या बहुतेक मंडळांचे निकाल मे-जूनपर्यंत हाती येतात. पुनर्मूल्यांकन किंवा पुरवणी परीक्षेची वेळ आल्यास मात्र ही सवलत संपते.

खर्चाचा हिशेब

गुणवत्तेपेक्षा पैशाचाच अडसर येथे अधिक कठीण आहे. इंग्लंडमधील स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्कावर कायद्याने कमाल मर्यादा आहे. २०१७ पासून ती वर्षाला ९२५० पौंड होती. २०२५-२६ साठी ती ९५३५ पौंड झाली. परदेशी विद्यार्थ्यांना अशी मर्यादा लागू नाही. १९८० पासून त्यांच्याकडून पूर्ण खर्चाइतके शुल्क घेण्याचे धोरण आले. पुढे स्थानिक शुल्क महागाईच्या मानाने गोठलेले राहिल्याने विद्यापीठांचे अंदाजपत्रकच परदेशी शुल्कावर विसंबू लागले. अभ्यासक्रमानुसार हे शुल्क वर्षाला १२-१५ हजार पौंडांपासून सुरू होते. ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी ते ३५ हजारांच्या पुढे आणि वैद्यकासाठी त्याहूनही बरेच अधिक असते.

व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे शुल्क आणि कमाल नऊ महिन्यांचा निर्वाहखर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये हा निर्वाहखर्च दरमहा लंडनसाठी १४८३ आणि अन्यत्र ११३६ पौंड ठरवण्यात आला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यात पुन्हा वाढ झाली. याखेरीज आरोग्य अधिभार आहे. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड असून संपूर्ण मुदतीचा एकदम आगाऊ भरावा लागतो. वार्षिक २५ हजार पौंड शुल्क आणि लंडनबाहेर दरमहा ११३६ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च धरला, तर तीन वर्षांची बेरीज १ लाख ५ हजार पौंडांवर जाते. पौंडाचा भाव ११० रुपये धरला तरी हे सुमारे १ कोटी १६ लाख रुपये होतात. विमानप्रवास, सुट्ट्यांतील वास्तव्य आणि दरवर्षीची शुल्कवाढ यात धरलेली नाही. पुढील वर्षांत शुल्क किती वाढू शकते, हे ऑफरच्या अटींमध्येच लिहिलेले असते.

शिष्यवृत्ती मिळेल या भरवशावर अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. अनुसूचित जाती व इतर वंचित घटकांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे. पदवीसाठी उरतात त्या मुख्यतः विद्यापीठांच्या स्वतःच्या योजना, आणि त्यांतील बहुसंख्य शुल्काचा लहानसा भागच माफ करतात. ही उणीव नवी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत अग्रस्थान मिळवलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना स्त्री असल्यामुळे इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती नाकारण्यात आली होती. हितचिंतकांनी जमवलेल्या निधीवर त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोहोचल्या. उलट रँग्लर परांजपे यांना सरकारी शिष्यवृत्ती लाभली आणि १८९९ मध्ये ते केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले. आजच्या मध्यमवर्गीय विद्यार्थ्यापुढे बहुधा शैक्षणिक कर्ज हाच मार्ग असतो. मोठ्या रकमेसाठी बँका तारण मागतात, आणि तारण म्हणजे बहुतेकदा राहते घर.

हे कर्ज तेथील नोकरीतून फिटेल, हा हिशेब सावधपणे मांडावा लागेल. सत्र चालू असताना पदवी विद्यार्थ्याला सामान्यतः आठवड्याला २० तासच काम करता येते. पदवीनंतर काम करण्याची सवलत एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली होती. जुलै २०२१ मध्ये ती ‘ग्रॅज्युएट’ व्हिसाच्या रूपाने दोन वर्षांसाठी परत आली. आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी ती १८ महिन्यांवर आणण्याचा निर्णय झाला आहे. पंधरा वर्षांत तीनदा बदललेल्या नियमावर घर तारण ठेवावे का, याचा निर्णय कुटुंबाने एकत्र बसून अर्जाआधी घ्यावयाचा आहे.

परतल्यावर पदवीचे मोल

भारत आणि ब्रिटन यांनी जुलै २०२२ मध्ये शैक्षणिक अर्हतांच्या परस्पर मान्यतेचा करार केला. त्यामुळे ब्रिटिश पदवीधरांचा भारतातील पुढील शिक्षणाचा मार्ग सुकर झाला. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी आणि वास्तुशास्त्र या व्यावसायिक पदव्या मात्र या कराराच्या कक्षेबाहेर आहेत. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्याला जाण्यापूर्वी ‘नीट’ उत्तीर्ण होणे आवश्यक आहे आणि परतल्यावर येथील परवाना परीक्षाही द्यावी लागते. विधी पदवीबाबत भारतीय विधिज्ञ परिषदेची मान्यता असलेले विद्यापीठ व अभ्यासक्रम कोणते, हे आधी तपासावे लागते. स्पर्धा परीक्षांकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने परदेशी पदवीच्या समकक्षतेचे प्रमाणपत्र वेळेत मिळवून ठेवणे इष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाने यासाठी एप्रिल २०२५ मध्ये नवी नियमावली अधिसूचित केली आहे.

परदेशी विद्यापीठांना भारतात संकुले उघडण्याची मुभा देणारी आयोगाची नियमावली २०२३ मध्ये आली. तिच्याअन्वये साउदॅम्प्टन विद्यापीठाचे गुरुग्राम येथील संकुल २०२५ मध्ये सुरू झाले असून, अन्य काही ब्रिटिश विद्यापीठांनीही मुंबई, बंगळूरु यांसारख्या शहरांत संकुलांची घोषणा केली आहे. तेथे प्रवेश घेणाऱ्याला व्हिसा आणि आरोग्य अधिभार लागत नाही. मात्र अशा संकुलांत मोजकेच अभ्यासक्रम आहेत आणि भारतात राहून ही पदवी घेणाऱ्याला ब्रिटनमधील ग्रॅज्युएट व्हिसाचा लाभ मिळत नाही.